दवाखाना समोर दिसत होता

माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात. मी एक जुनी बस आहे, मित्रांनो. मी माणसांना वजनावरून ओळखते. पायरीवर पाऊल पडले की माझ्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना कळते, हा रोजचा आहे की नवखा, रिकाम्या हाताने आला आहे की बाजार करून, खुशीत आहे की घरी भांडून निघाला आहे. हसू नका. भांडून निघालेला माणूस पायरीवर टाच आपटतो. तेव्हा मी जे सांगणार आहे, ते डोळ्यांना दिसण्यासारखे फारसे नाही. ते वजनाचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. आधी नुसता सांगाडा आणि चाके होती. मग माणसांनी माझ्यावर पत्रा चढवला, रिव्हेट ठोकल्या, खिडक्यांना काचा बसवल्या, सीटांवर हिरवे रेक्झिन ताणून बसवले. शेवटी रंगारी आला. त्याने रंगाचा हात फिरवला, दोन पावले मागे सरकून मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाला, "अगं, नवरीच दिसतेस की!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली.

माझी फेरी साधी होती. एका टोकाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या टोकाला मोठा दवाखाना आणि मध्ये शहराचा सरळसोट मुख्य रस्ता. त्यावर कापडबाजार, बँक, शाळा, नाट्यगृह आणि दवाखान्याच्या अलीकडे दुकानांची एक लांबलचक ओळ. सुरुवातीला हा रस्ता मैदानासारखा होता. स्टेशनावर चढलेल्या माणसाचे पेपराचे पहिले पान वाचून होईतो दवाखाना यायचा. लोक माझ्यावर घड्याळ लावायचे. शाळेचा शिपाई मी दिसले की घंटेकडे हात न्यायचा.

माझा ड्रायव्हर हॉर्न वाजवत नसे. "ज्याला ऐकू येतं त्याला मी दिसतोही," असे त्याचे म्हणणे. म्हातारे माणूस धावत येताना दिसले की तो थांबून राही. त्यामुळे सगळे त्याला सावकाशमामा म्हणत, अगदी त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. कंडक्टर एक तरतरीत बाई होती. तिला सगळे ताई म्हणत. ताईचा आवाज असा खणखणीत, की तिने मागच्या दारातून "पुढे सरका!" म्हटले की फुटपाथवरची माणसेही एक पाऊल पुढे सरकत.

मग हळूहळू रस्ता भरू लागला. माझ्यातून रोज जाणारा एक कारकून दुचाकीवरून जाऊ लागला. मला ओलांडताना तो ताईला हात करी. मग बँकेतल्या बाईंनी गाडी घेतली. प्रत्येक जण गेला तसा रस्त्यावर एकेक गाडी वाढली, तशी मी आणखी हळू झाले, आणि मी हळू झाले म्हणून आणखी चार जण गेले. दुकानांसमोर गाड्यांची एक रांग उभी राहू लागली. पुढे तिच्या कुशीला लागून दुसरी. चालायला उरला तो एक बोळ. त्या बोळातून हातगाड्या, रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि मी, सगळे एकमेकांच्या पाठीला नाक लावून सरकत होतो. माझ्या सीटा फाटल्या, खिडक्या खुळखुळू लागल्या. लोक म्हणत, "बसनं कोण जातंय? त्यापेक्षा चालत लवकर पोहोचू." आगारात तर ही फेरीच बंद करायची भाषा सुरू झाली होती.

तरी काही माणसे टिकून होती. त्यांत एक होती टाकेमावशी.

ती दवाखान्यात फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि रोग्यांचे झगे शिवायची. "डॉक्टर माणसांना टाके घालतात, मी त्यांच्या चादरींना. माझे टाके काढावे लागत नाहीत, एवढंच," असे म्हणून ती स्वतःच आधी हसायची. पुढच्या दाराजवळची एकटी सीट तिची. मांडीवर दोरे-कात्रीची पिशवी. माझे फाटलेले रेक्झिनही तिने एकदा जाड्या दोऱ्याने शिवून टाकले होते, कुणी न सांगता. तिला दोन मुली. दोघी आपापल्या घरी सुखात होत्या. मावशी एकटी राहायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाला त्रास द्यायचा म्हणजे तिच्या जिवावर येई. थांब्यावर उतरताना "थांबवलं हो तुम्हाला" असे मामाला म्हटल्याशिवाय ती उतरत नसे.

त्या दिवशी ती दुपारच्या पाळीला निघाली होती. पायरीवर तिचे पाऊल दोनदा पडले. एकदा चढताना आणि एकदा तोल सावरताना.

कापडबाजार मागे पडला. शाळा नुकतीच सुटली होती. दुकानांच्या ओळीपाशी आलो आणि पुढचे सगळे थांबले. मागचेही थांबले. तिथून दवाखाना स्पष्ट दिसतो. पांढरी इमारत, तिच्या खिडक्या, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. त्यातल्या निम्म्या चादरींना मावशीचे टाके असतील.

ताईचे तिच्याकडे लक्ष गेले. "मावशी, एवढा घाम का आलाय? काय होतंय?"

"काही नाही गं. छातीत जरा दाटून आलंय. होईल कमी."

मामाने वळून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी, धीर धरा. हा काय दवाखाना. आत्ता पोहोचवतो."

"सावकाश घ्या, मामा," मावशी म्हणाली. "माझी काही घाई नाही."

ज्याने आयुष्यात हॉर्न वाजवला नाही, त्या मामाने हॉर्नवर तळहात दाबला तो उचललाच नाही. पण तिथे सगळ्यांचेच हॉर्न वाजत होते. त्या गलक्यात माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ताई खाली उतरून धावली. एकेका गाडीच्या काचेवर थापा मारत सांगू लागली, "बसमध्ये बाई आजारी आहे हो! जरा बाजूला घ्या!" आणि मित्रांनो, माणसांनी ऐकले. खोटे सांगणार नाही, एकाही माणसाने तोंड फिरवले नाही. प्रत्येकाने आपली गाडी हातभर सरकवली. पण प्रत्येकाने हातभर सरकून बसला रस्ता होत नाही. तिथे एकही वाईट माणूस नव्हता. कुणी मुलाला शाळेतून घरी नेत होते, कुणी औषध आणायला थांबले होते. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि कुणीच हलू शकत नव्हते. मला अजूनही भीती वाटते ती याच गोष्टीची.

माझ्या शेजारीच चष्म्याचे दुकान होते. चष्मेवाले काका म्हणजे त्या ओळीतल्या व्यापाऱ्यांचे पुढारी. त्यांची गाडी रोज दुकानासमोर रस्त्याच्या कडेला उभी असायची. ते धावत आले आणि त्यांनी कशीबशी आपली गाडी काढून गल्लीत नेली. माझ्यासाठी जागा झाली. मामाने गिअर टाकला. तेवढ्यात मागून आलेल्या एका गाडीने तोंड घातले आणि त्या रिकाम्या जागेत जाऊन ती शांतपणे उभी राहिली. तिच्या मालकाला काहीच माहीत नव्हते. त्याला वाटले, आज नशीब जोरावर आहे, जागा मिळाली.

मग काकांनी दुकानातून डोळे तपासायची चाकांची खुर्ची ओढत आणली. चार जणांनी मावशीला तिच्यात बसवले. गाड्यांच्या आरशांना धडका देत, फुटपाथवरून उचलून, पुन्हा खाली ठेवून ते तिला घेऊन निघाले. ताई आणि उतारूही त्यांच्यामागे गेले. मामाला मला सोडून जाता येत नव्हते. तो स्टिअरिंग धरून त्या खुर्चीकडे बघत राहिला, ती गाड्यांत दिसेनाशी होईपर्यंत.

आम्ही दवाखान्याच्या थांब्यावर पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. ताई आवाराच्या पायरीवर बसली होती. मावशीची दोऱ्यांची पिशवी तिच्या मांडीवर होती.

"उशीर झाला म्हणाले," ताई एवढेच बोलली.

आता ऐका. मी पूर्ण रिकामी होते. मामाही खाली उतरला होता. तरी पुढच्या दाराजवळच्या सीटवर वजन होते. तेवढेच. पिशवीसकट.

पहिले काही दिवस मला वाटले, पाटे थकले असतील. आगारात मेकॅनिकने मला वर उचलून तपासले आणि "काही दोष नाही" म्हणून सोडून दिले. पण सकाळी ठरलेल्या थांब्यावर ते वजन चढायचे. दवाखान्याशी उतरत नसे. परत येई, परत जाई. ते त्रास देत नसे, हलत नसे, नुसते बसून असे.

मामाचे वेगळेच होते. रस्ता अडला आणि इंजिन जरा शांत झाले की तो एकदम मागे वळून बघायचा.

"कोण बोललं?" तो विचारी.

"कुणी नाही, मामा," ताई म्हणे.

"मावशीचा आवाज होता. घाई नाही म्हणाली."

तो आवाज मला कधी ऐकू आला नाही. मामाला ते वजन कधी कळले नाही. आम्ही दोघे एकाच बाईला वेगवेगळे घेऊन हिंडत होतो आणि एकमेकांना सांगायची सोय नव्हती.

मामा वाळत चालला. ताईने एकदा त्याला धरून विचारलेच, "साहेबांना सांगून दुसरी फेरी का मागून घेत नाही? बाहेरचा मोकळा रस्ता घ्या. चार दिवस बरे जातील."

"आणि मावशींना कोण नेणार?" मामा म्हणाला.

ताईने दांडी घट्ट धरली, ते मला कळले. त्यानंतर कुणी नवखा माणूस त्या सीटकडे बोट दाखवून नेहमीसारखे विचारी, "इथं कुणी बसलंय का?" तेव्हा ताईला काय उत्तर द्यावे ते सुचत नसे. बिचारा माणूस तिच्या तोंडाकडे बघून उभाच राहायचा.

चष्मेवाले काकाही बदलले होते. गाडी सोडून ते माझ्यातून येऊ-जाऊ लागले. त्या सीटच्या मागच्या सीटवर बसत आणि तिच्या पाठीकडे बघत. ती चाकांची खुर्ची त्यांनी पुन्हा दुकानात ठेवली नव्हती. डोळे तपासायला आता लाकडी खुर्ची होती.

अशात एक तरुण बाई माझ्यातून फिरू लागली. या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा या टोकाला. ती प्रत्येकाला विचारी, "तुम्ही कुठून चढलात? कुठे जाणार? किती वेळ उभे होतात?" एका आजीने शेवटी विचारले, "एवढी चौकशी करतेस, स्थळ बघतेस का कुणासाठी?" सगळी बस हसली. ती स्वतःही हसली. ती रस्तेखात्यातली इंजिनीअर होती. या रस्त्यावरची कोंडी कशी सोडवायची, ते तिला ठरवायचे होते.

"रस्ता अजून रुंद कुठून करणार, मॅडम? दुकानं पाडणार का?" ताईने विचारले.

"रस्ता पुरेसा रुंद आहे, ताई. त्याची वाटणी चुकलीय," ती म्हणाली. "तुमच्या बसमध्ये जेवढी माणसं बसतात, तेवढ्यांना गाड्यांतून नेलं तर ही अख्खी ओळ भरते. आणि निम्मा रस्ता तर उभ्या गाड्यांनीच धरलाय. त्या उभ्या गाड्या मागच्या मोकळ्या जागेत नेऊ. कडेची पट्टी फक्त बसला देऊ. चौकात सिग्नल आधी बसला सुटेल. थांबे चौकाच्या पलीकडे नेऊ, म्हणजे बस थांबली तरी मागचं अडणार नाही. बस वेळेवर धावली की माणसं आपोआप परत येतात."

व्यापारी खवळले. गाड्या दारात उभ्या राहिल्या नाहीत तर गिऱ्हाईक येणार कसे? शाळेच्या सभागृहात सभा भरली. मी तिथे नव्हते. ताईने दुसऱ्या दिवशी मामाला सांगितले ते माझ्या कानावर आहे.

"सगळ्यांनी चष्मेवाल्या काकांना पुढे केलं," ताई सांगत होती. "म्हणाले, तुम्ही बोला, हाणून पाडा हे खूळ. काका उभे राहिले. मग म्हणाले, दारात गाड्या उभ्या राहून गिऱ्हाईक येत असेल, तर त्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरायला नको होती. कारण त्या दिवशी दारात गाड्यांशिवाय काहीच नव्हतं. एवढं बोलले आणि खाली बसले. शेवटी काही महिने करून बघू, असं ठरलं."

मामाने मान हलवली. "पट्टा मारून काय होणार? पट्ट्यावरून गाडी घालायला लोकांना कुठं लाज वाटते?"

पट्टा मारला गेला. पहिल्याच सकाळी गाड्यांनी तोंड घालायला सुरुवात केलीच. तेव्हा चष्मेवाले काका भर उन्हात पट्ट्याच्या कडेला हात पसरून उभे राहिले. "इथून नाही. पलीकडून घ्या," एवढेच म्हणत. पोलीस होते, इंजिनीअर बाई होती, पण लोक थबकत ते या पांढऱ्या केसांच्या माणसाकडे बघून.

आम्ही स्टेशनावरून निघालो. कापडबाजार, बँक, शाळा मागे पडली. माझ्या चाकांना विश्वास बसेना. मी धावत होते! खिडक्यांतून वारा आला. मागची पोरे ओरडू लागली. दुकानांची ओळ आली. समोर दवाखान्यापर्यंत सरळ, स्वच्छ, रिकामी पट्टी.

आणि मामाने ब्रेक दाबला.

अगदी त्याच जागी. चष्म्याच्या दुकानासमोर. मी गचका देऊन उभी राहिले.

"मामा, काय झालं? रस्ता मोकळा आहे की!" लोक म्हणाले. "चला ना!" मामाचा पाय ब्रेकवरून उठत नव्हता. काका पट्ट्याच्या कडेला तसेच हात पसरून माझ्याकडे बघत होते.

ताई गर्दीतून वाट काढत पुढे आली. "मामा?"

"ती म्हणतेय, सावकाश घ्या," मामा पुटपुटला. "घाई नाही म्हणतेय."

ताईने त्या सीटकडे पाहिले. मग मामाच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा खणखणीत आवाज त्या वेळी कुजबुजीएवढा झाला होता.

"तिला नसेल, मामा. मला आहे. चला."

मामाने डोळे पुसले. पाय उचलला. आम्ही दवाखान्याच्या थांब्यावर पोहोचलो. लोक टाळ्या वाजवत उतरले. मला वाटले होते, आता तेही वजन उतरेल. दार उघडे ठेवून मामा थांबला. बहुधा त्यालाही तसेच वाटले असेल. पण ते उतरले नाही.

इंजिनीअर बाई म्हणाली तसे झाले. माणसे परत आली. दुचाकीवाला कारकून आला, बँकेतल्या बाई आल्या. मला नवे रेक्झिन मिळाले. शिवलेला तुकडा तेवढा ताईने बदलू दिला नाही. दुकानेही बुडाली नाहीत. एका गच्च भरलेल्या फेरीत पाळी संपवून थकलेली एक नर्स दारापाशी उभी होती. तिने त्या सीटकडे बघून विचारले, "इथं कुणी बसलंय का?"

"बसा ना," ताई म्हणाली. "मावशी सरकतील जरा."

नर्सला ती गंमत वाटली. ती हसून बसली. आणि मित्रांनो, ते दुसरे वजन खिडकीकडे सरकले. मला कळले.

मामाला ताईने एकदा विचारले, "अजून ऐकू येतं का हो?" तो म्हणाला, "येतं. पण आता रस्ताच अडत नाही, त्यामुळे पुरतं ऐकायला वेळ होत नाही." कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिले.

एका सकाळी कापडबाजारातून एक माणूस मुलीला खांद्यावर टाकून धावत चढला. पोरीचे अंग तापाने फणफणले होते, मान लुळी पडली होती. मामाने एकदाच वळून पाहिले. त्यानंतर दवाखान्यापर्यंत त्याचा पाय ब्रेकवर गेला नाही. ताईने मधली घंटी वाजवली नाही आणि मधल्या थांब्यांवर उतरणाऱ्यांनीही "थांबवा" म्हटले नाही. दवाखान्याच्या दारात बापाने उडी टाकली आणि तो आत पळाला. त्याने मागे वळून पाहिले नाही. आपण काय ओलांडून आलो, ते त्याला कळायचे काही कारण नव्हते. काही दिवसांनी तीच पोरगी बापाचे बोट धरून माझ्यात चढली, आणि खिडकीपाशी बसायला मिळाले नाही म्हणून फुरंगटून बसली. तिचे ते एवढेसे वजन मला फार आवडले.

आता मामा निवृत्त झाला आहे. ताई दुसऱ्या, नव्या गाडीवर आहे. माझे इंजिन थंड पडले. मला भंगाराच्या आवारात न्यायचे ठरले, तेव्हा एका टोइंग गाडीने साखळी लावून मला याच रस्त्याने ओढत नेले. माझ्यात माणूस नव्हते. मी हलकी होते की नव्हते, ते मी तुम्हाला सांगत बसत नाही.

मित्रांनो, तो पट्टा म्हणजे भिंत नाही. तो नुसता रंग आहे, चाकांखाली रोज थोडा झिजतो. तो पुसट झाला की रंगवायला माणसे येतीलच असे नाही. त्याला टिकवायचे ते तुम्हीच, त्यावर उभे न राहून. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात गाडी येईल. रस्त्याच्या कडेची रिकामी जागा बघून तुम्हाला वाटेल, ही आपल्यासाठीच आहे. तेव्हा जरा मागे बघा.

कारण त्या शेवटच्या दिवशी, साखळीने ओढली जाताना, मी पाहिले. पट्ट्यावर एक गाडी उभी होती. तिचे दिवे लुकलुकत होते. आतला माणूस फोनवर बोलत होता आणि बोट वर करून मागच्याला खुणावत होता, एकच मिनिट. त्याच्या मागे एक बस खोळंबली होती, दारापर्यंत भरलेली. मला ओढणारी गाडी थांबली नाही. मी वळणापर्यंत त्या बसच्या खिडक्यांकडे बघत राहिले.

आत कोण बसले होते, ते मला दिसले नाही.